श्वेतफलक, संगणकीय

श्वेतफलक, संगणकीय : संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढणे, आकृत्या व मजकूर मांडणे, ते हलविणे व पुसणे यांसाठी वापरावयाचा फलक. महाजालावरील अनुप्रयोगात तो एक भाग म्हणून जोडता येतो आणि त्यातील साधने व आकार गरजेनुसार ठरविता येतात. अध्यापन, अभियांत्रिकी आरेखन, कामाचे नियोजन इ. क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो.

इतिहास : पडद्यावर थेट रेखाटन करण्याचे महत्त्वाचे आद्य उदाहरण म्हणजे आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये सादर केलेली ‘स्केचपॅड’ ही प्रणाली होय. तीत प्रकाशलेखणीने आकृत्या काढीत. महाजालाच्या पानावर रेखाटनासाठी लागणारा ‘कॅनव्हास’ हा घटक ॲपल कंपनीने २००४ मध्ये आणला. पुढे एचटीएमएल-५ या प्रमाणात (२०१४) त्याचा समावेश झाला.

रचना व कार्य : कॅनव्हासवर आकृती उमटल्यानंतर तेथे केवळ रंगीत बिंदू (पिक्सेल) उरतात, ती रेषा होती की वर्तुळ, याची नोंद राहत नाही. म्हणून प्रत्येक आकृतीचा प्रकार, स्थान, आकारमान व रंग यांची यादी अनुप्रयोगाला स्वतंत्रपणे ठेवावी लागते. ही यादी हाच खरा फलक असून पडद्यावरील चित्र हे तिचे दृश्य रूप असते. आकृती हलविली की यादीतील नोंद बदलते व चित्र पुन्हा काढले जाते.

आकृतींचे स्थान फलकाच्या सहनिर्देशकांत नोंदवितात. पडद्यावरील स्थानातून फलकाचे सरकणे वजा करून बाकीला विवर्धनाने भागले असता ते मिळते. उदा., फलक उजवीकडे ३०० बिंदू सरकविला व दुप्पट मोठा केला असल्यास पडद्यावरील ५०० हे स्थान फलकावर १०० ठरते. हे रूपांतरण चुकल्यास रेषा लेखणीपासून दूर उमटते.

नवा आकार, उदा., विद्युत् मंडलातील रोधक, समाविष्ट करताना तो कसा काढावा, दर्शक त्यावर आहे की नाही हे कसे ओळखावे आणि त्याची नोंद कशी साठवावी, हे तीन नियम द्यावे लागतात. एक्सकॅलिड्रॉसारख्या तयार आज्ञावल्या अनुप्रयोगात जोडल्यास मूलभूत साधने आयती मिळतात.

सहकार्य : दोन व्यक्ती एकाच वेळी काम करीत असता प्रत्येक वेळी संपूर्ण फलक साठविल्यास नंतरच्या प्रतीमुळे आधीच्या व्यक्तीचे काम नष्ट होते. त्यामुळे प्रत्येक आकृतीस स्वतंत्र ओळखक्रमांक देऊन केवळ बदललेला गुणधर्म इतरांकडे पाठवितात. ‘पूर्ववत् करा’ ही आज्ञाही ती देणाऱ्याच्याच कृतीपुरती मर्यादित ठेवणे इष्ट असते.

मर्यादा : अंध व्यक्तींसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांना रंगीत बिंदूंचा अर्थ लागत नाही. आकृत्यांच्या यादीवरून मजकुराचे क्रमवार वर्णन तयार केल्यास आणि कळफलकावरून आकृत्या निवडण्याची सोय ठेवल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.