दीर्घकालीन शारीरिक प्रशिक्षणातील संयम आणि सातत्य : देवबाग किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्ट्यावर वसलेले आहे. या किनारपट्टीवरील अनेक महाविद्यालयीन युवक-युवतींच्या दृष्टीने धावणे हा केवळ छंद नसून उपजीविकेचा प्रश्न असतो. पोलीस शिपाई भरतीतील ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत २० गुण पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी असतात. भरतीची जाहिरात आली की सराव सुरू करावयाचा, महिनाभरात नडगी दुखू लागली की तो सोडून द्यावयाचा, हे चित्र शिक्षकांना अपरिचित नाही. अशा वेळी विद्यार्थ्यात जिद्द नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष बहुधा जिद्दीचा नसून कालमापनाचा असतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

शरीराचे वेळापत्रक

व्यायामाला शरीराचे सर्व घटक एकाच गतीने प्रतिसाद देत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद ही प्रामुख्याने मज्जासंस्था आणि स्नायू यांच्यातील सुधारलेल्या समन्वयाची असते. हृदय व रक्ताभिसरण यांची क्षमताही तुलनेने लवकर वाढते. स्नायूंच्या आकारात दिसण्याजोगी वाढ होण्यास त्याहून अधिक अवधी लागतो. स्नायुबंध आणि हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. नव्या भाराला तोंड देताना हाडातील जुना भाग आधी झिजविला जातो आणि नंतर नवा भरला जातो. ही प्रक्रिया पूर्ण होण्यास तीन-चार महिने लागतात. त्यामुळे दम वाढून विद्यार्थ्याचा उत्साह ज्या काळात शिगेला पोहोचतो, नेमक्या त्याच काळात त्याचे हाड नाजूक अवस्थेत असते. त्या वेळी अंतर एकदम वाढविल्यास दुखापत ओढवते. संयम हा येथे केवळ नैतिक गुण राहत नाही, तर ती शरीरशास्त्राची अट ठरते.

दुसरी बाजू खंडाची आहे. सराव पूर्णपणे थांबल्यास दोन ते चार आठवड्यांत दमश्वासाची क्षमता घटू लागते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडता आणि आदर या तीन अटी सांगितल्या आहेत. व्यायामाच्या संदर्भातही या तिन्ही अटी लागू पडतात.

सेकंदांचा हिशेब

बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांची कामगिरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ मध्ये दोहा येथे ८ मिनिटे २१.३७ सेकंद, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद, २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, असा हा प्रवास आहे. सुमारे सहा वर्षांत एकूण सुधारणा १९.८९ सेकंदांची, म्हणजे जेमतेम चार टक्के झाली. त्यातही शेवटच्या जवळपास दोन वर्षांच्या वाट्याला अवघे १.२९ सेकंद आले. २०२३ मध्ये या शर्यतीत त्यांचा नवा राष्ट्रीय विक्रम झाला नाही. तथापि त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. विक्रमाविना गेलेले वर्ष वाया गेलेले असतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संस्थेची भूमिका

सातत्य ही एकट्या खेळाडूची जबाबदारी मानणेही अपुरे आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना ७००० रुपये दिले होते. विद्यार्थ्याच्या चार वर्षांच्या धीरामागे शिक्षकाचाही धीर उभा होता.

देवबागच्या संदर्भात

या किनाऱ्यावर प्रशिक्षणाची आखणी करताना स्थानिक परिस्थिती विचारात घ्यावी लागते. मऊ वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपट ऊर्जा लागते. त्यामुळे तेथे घड्याळातील वेळ मंद दिसते व नवखा विद्यार्थी निराश होतो. पाण्यालगतची ओली वाळू टणक असली तरी उतरती असते. एकाच दिशेने धावल्यास एका पायावर अधिक ताण येतो, म्हणून जाऊन-येऊन धावणे इष्ट. जून ते सप्टेंबर या काळात खवळलेल्या समुद्रामुळे पुळण वापरता येत नाही आणि वर्षाचा एकतृतीयांश काळ सराव बंद पडण्याचा धोका निर्माण होतो. त्या काळात जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या आणि पाऊस उघडताच रस्त्यावर थोडे धावणे, एवढा किमान क्रम राखला तरी आधी कमावलेले बरेचसे टिकते. याच किनाऱ्यावरील रापणीचे उदाहरण विद्यार्थ्यांना सहज पटेल. रापण हिसक्याने येत नाही, ती सर्वांनी एका लयीत, हळूहळू ओढावी लागते.

समारोप

महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण अद्याप बहुतांशी वार्षिक स्पर्धा आणि भरतीच्या जाहिराती यांच्याशी बांधलेले आहे. त्याऐवजी प्रथम वर्षातील प्रवेशापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याची सरावनोंद ठेवावी. पहिले तीन-चार महिने वेगापेक्षा नियमिततेला महत्त्व द्यावे, आठवड्यात विश्रांतीचा दिवस निश्चित करावा आणि विद्यार्थ्याची तुलना इतरांशी न करता त्याच्याच मागील सत्राशी करावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पदवीची तीन-चार वर्षे हाताशी असताना शरीर घडविण्याचे काम अखेरच्या दोन महिन्यांवर ढकलले जाऊ नये, एवढी दक्षता शिक्षकवर्गाने घेतली, तरी अनेक विद्यार्थ्यांच्या वाटचालीतील एक अडसर दूर होईल.