पाळण्यापाशी रात्री कोण असते?

ओतुरातून आजारी मूल घेऊन पुण्यास निघावयाचे म्हणजे आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर ही गावे मागे टाकीत जवळजवळ शंभर किलोमीटरचा रस्ता तोडावा लागतो. कल्याणची वाट धरावी, तर मध्ये माळशेज घाट. या प्रवासात आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : डॉक्टर कोण आहेत? प्रश्न रास्तच आहे. परंतु तितकाच रास्त असा दुसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. डॉक्टर तपासून गेले, औषध लिहून झाले, दिवे मंद झाले. त्यानंतर उजाडेपर्यंत त्या पाळण्यापाशी कोण असते?

असते ती परिचारिका. तिला आपण सिस्टर म्हणतो, तिच्या मायेची स्तुती करतो आणि तेवढ्यावर विषय संपवितो. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते असे की, मुलांच्या रुग्णालयात परिचारिकेचे ज्ञान हा उपचाराचाच भाग असतो. ते ज्ञान वर्षानुवर्षे वाढवावे लागते. आणि वाढलेले ज्ञान पाळण्यापाशीच राहील अशी तजवीज करावी लागते. माया हवीच. पण केवळ मायेने मूल बरे होत नाही.

असे का, ते पाहू. मोठ्या माणसाला दुखले, तर तो कुठे दुखते ते सांगतो. तान्हे मूल फक्त रडते, आणि फार आजारी झाले म्हणजे रडेनासे होते. त्याची भाषा दुसरीच असते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक, तर तो जलद समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आपल्याकडे बायका 'पोट उडते आहे' असे म्हणतात, ते निरीक्षण खोटे नसते. पण बाळ शांत असताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजणे आणि बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का हे पाहणे, हे शिकावे लागते. तसेच अंगाच्या उबेचे. नवजात बाळाचे पोट गरम पण तळपाय गार लागले, तर बाळ गारठू लागले आहे अशी ती पहिली सूचना होय. शिकलेला हात ही सूचना वेळीच ओळखतो.

औषधाचा हिशेब तर याहून नाजूक. ताप उतरविण्याचे पॅरासिटामॉल प्रत्येक घरी असते. आठ किलो वजनाच्या मुलास किलोमागे १५ मिलिग्रॅम या मानाने १२० मिलिग्रॅम द्यावयाचे. एका बाटलीतील पाच मिलिलिटर औषधात १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीतील तेवढ्याच औषधात २५०; आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. म्हणजे एका बाटलीतून साधारण चमचाभर, दुसरीतून निम्मे आणि तिसरीतून सव्वा मिलिलिटरच्या आसपास. तिसरी बाटली पहिलीसारखी समजून चमचाभर औषध दिले, तर ते चौपटीहून अधिक झाले. सलाइनचेही तेच. मुलांसाठी वापरावयाच्या बारीक नळीचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मोठ्या माणसांच्या नळीचे साधारण २० थेंब. नळी बदलली आणि थेंब तेवढेच ठेवले, तर पाणी तिप्पट गेले. अशा वेळी 'मला पुन्हा एकदा वजन सांगा' असे म्हणण्याचे धैर्य ज्या परिचारिकेत असते, ती मुलाचे प्राण वाचविते. आणि हे धैर्य तिला ज्ञानातूनच येते.

ज्ञानाने माया कशी डोळस होते याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. लंडनमध्ये १८५२ साली डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे मुलांचे रुग्णालय काढले. पुढे तशी रुग्णालये वाढली; परंतु आईबापांना भेटीची वेळ मोजकीच देण्याची चाल पडली. आई गेली की मूल आकांत करी, मग एकदोन दिवसांनी गप्प होई. आणि ते 'रुळले' असे सर्वांना वाटे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट घेतला. ज्याला रुळणे म्हणत होते, ती मुलाची खचलेली अवस्था होती, हे त्यातून लोकांना दिसले. १९५९ साली सरकारी समितीने आईबापांना मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. त्याआधीच्या परिचारिका काही निर्दय नव्हत्या. त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका, अशी नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, आणि त्या संस्थेने बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास पाठविले. परक्याच्या अंगाला हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे, हे त्या काळी चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही असे मानीत. तो विटाळ आता गेला. पण 'डॉक्टर झाली नाही म्हणून नर्स झाली' ही भाषा अजून गेलेली नाही.

परिचर्या बदलली की काय होते हे मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाहावयास मिळाले. गरीब वस्तीतली कमी वजनाची बाळे तेथे जंतुसंसर्गाने दगावत. डॉ. आर्मिडा फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागड्या यंत्रांची वाट न पाहता वरचे दूध बंद करून आईचे दूध सुरू केले, आणि आईलाच बाळाच्या शुश्रूषेत घेतले. १९८९ साली तेथे मातेच्या दुधाची पेढी निघाली; ती आशियातील पहिली म्हणून ओळखली जाते. अशा पेढीत दान आलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. पण पेढीचा खरा व्यवहार चालतो पाळण्यापाशी. भेदरलेल्या आईला धीर देणे, दूध हाताने कसे काढावे ते दाखविणे, वाटीचमच्याने ते बाळाच्या घशाखाली सुखरूप उतरविणे, हात धुतल्यावाचून कोणास पाळण्यास हात लावू न देणे, ही कामे अखेर परिचारिकेकडेच येतात.

अशी परिचारिका पदवीच्या कागदाने तयार होत नाही. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या : नवशिकी, थोडी पुढे गेलेली, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. नवशिकी नियमाने चालते. तज्ज्ञ परिचारिका पाळण्याकडे एकदा पाहते आणि 'हे बाळ मला बरे दिसत नाही' असे म्हणते, तेव्हा ती सहसा चुकत नाही. ती नजर अनुभवातून येते; मात्र त्या अनुभवाला शिक्षणाची, चर्चेची, वडीलधाऱ्या सिस्टरच्या सोबतीची जोड लागते.

आपल्याकडील अडचण अशी की, आपली बढतीची शिडी पाळण्यापासून दूर जाते. अधिपरिचारिकेची परिसेविका होते, परिसेविकेची अधिसेविका. आणि प्रत्येक पायरीवर रजिस्टरे वाढतात, बाळे कमी होतात. नवजात कक्षाचे शिक्षण घेऊन हात बसतो न बसतो तोच दुसऱ्या विभागात बदली, असेही घडते. १९८३ साली अमेरिकेत एक पाहणी झाली. परिचारिका सोडून जात असताना काही रुग्णालयांत मात्र त्या टिकत होत्या. अशी ४१ रुग्णालये निवडून त्यांचे रहस्य शोधले. तेथे परिचारिकेच्या मताला निर्णयात स्थान होते, शिकण्यास वाव होता, आणि रुग्णशय्येपाशी राहूनही मान व पगार वाढण्याची सोय होती. पुढे २००२ साली लिंडा एकन यांच्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ रुग्णांत प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे कौशल्याइतकीच संख्याही महत्त्वाची.

आणि संख्येइतकीच व्यवस्था. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. ती रात्र आठवली म्हणजे कळते की, पाळण्यापाशी नुसते कोणी असून भागत नाही. तिच्या मागे सुस्थितीतल्या तारा, मोकळी वाट आणि आगीचा सराव यांचे पाठबळ हवे.

मग आपण गावकऱ्यांनी काय करावे? सरकारी दवाखान्यांतून रुग्ण कल्याण समिती असते आणि तीत लोकांचे प्रतिनिधी बसतात. रंग आणि फरशी यांच्याबरोबर त्यांनी चार प्रश्न विचारावेत. रात्री एका सिस्टरकडे किती मुले असतात? नवजात बाळांचे शिक्षण किती जणींनी घेतले आहे? ते घेतलेल्यांना त्याच कामावर किती काळ ठेवले? बाळाजवळ आईस बसावयास जागा आहे काय? या प्रश्नांना पैसा फारसा लागत नाही. आणि एक गोष्ट घरातली. आपल्या मुलीने, किंवा मुलानेही, परिचर्येचे शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर ते दुय्यम समजू नये.

पुण्याचा रस्ता काही लगेच जवळ होणार नाही. पण आजारी मूल घेऊन निघालेल्या आईबापांनी डॉक्टरांच्या नावाबरोबर रात्रीच्या सिस्टरचीही चौकशी करावयास सुरुवात केली, म्हणजे रुग्णालयांनाही त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागेल.