भांड्यावर नाव घालायचंय की लाकूड कापायचंय? लेसर घेण्याआधी एवढं ठरवा

"सर, लेसर मशीन घ्यायचंय, किती वॅटचं घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझा उलटा प्रश्न असतो, कापणार काय आणि कोरणार काय? तिथं बरेच जण गप्प होतात.

मीही आधी हाच विचार करायला हवा होता. माझं पहिलं मशीन डायोडचं. विक्रेता म्हणाला, "सगळ्यावर चालतंय." लग्नसराईत शिराळ्यातलंच एक घर आहेराचे ५१ स्टीलचे डबे घेऊन आलं, प्रत्येकावर नाव घालायचं होतं. लेसर फिरला आणि उमटले ते पुसट डाग, तेही एकसारखे नाहीत. काम कराडला गेलं. हप्ता मात्र माझ्याकडंच राहिला.

असं का झालं? प्रत्येक लेसरचा प्रकाश वेगळा असतो आणि प्रत्येक वस्तू ठरावीक प्रकाशच नीट शोषते. जो शोषला जात नाही, तो परावर्तित होतो किंवा आरपार जातो. मग वॅट कितीही असोत.

भांडी, किचेन, मशीनचे पार्ट, पितळी पाट्या, म्हणजे धातूचं काम असेल तर फायबर लेसर. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. नाव घालायला २० वॅटचं मशीन पुरतं. पूर्वी भांड्याच्या दुकानाबाहेर हातमशीन घेऊन टिकटिक करत नाव घालणारे बसायचे ना, त्यांचंच हे काम. पण याच मशीनवर लाकूड कापायला जाऊ नका.

लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, चामडं, कापड यासाठी सीओटू लेसर. कुस्ती मैदानाची सन्मानचिन्हं, दारावरच्या पाट्या, लग्नपत्रिकांची जाळी, आपल्या भागात याला गिऱ्हाईक आहे. याची तरंगलांबी फायबरच्या दहापट, १०.६ मायक्रॉन. उघडं स्टील ती बरीचशी परत फेकतं, वर खास मार्किंगचा थर लावला तरच नाव उमटतं. आणि हा लेसर शोधला कुणी माहीत आहे? कुमार पटेल यांनी, १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीतून! सांगताना छाती फुगते राव.

काचेच्या ट्यूबचं सीओटू मशीन घेतलंत तर पाण्याकडं लक्ष ठेवा. ट्यूब थंड ठेवायला पाणी सतत फिरावं लागतं. पंप बंद पडला आणि लेसर चालू राहिला की ट्यूब तडकते. तशीही ट्यूब झिजणारी वस्तू आहे, तिचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला टाका.

डायोड स्वस्त, टेबलावर मावतो, हात बसवायला चांगला. लाकूड, पुठ्ठा, चामडं यावर नक्षी छान येते. पण निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. यूव्ही लेसर काच आणि नाजूक प्लास्टिकसाठी उत्तम, पण महाग. पहिलं मशीन म्हणून नकोच.

आता एक गोष्ट दटावून सांगतो. फ्लेक्स आणि बरंचसं रेक्झिन पीव्हीसीचं असतं. ते लेसरखाली घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला घातक आणि मशीनलाही गंज चढवतो. गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी नाही म्हणा. चष्मा तुमच्या लेसरच्या तरंगलांबीचाच हवा. उन्हाचा गॉगल चालत नाही. फायबरचा किरण तर डोळ्याला दिसतही नाही, म्हणून जास्त भीती.

डेमोला जाताना स्वतःचं सामान न्या. विक्रेत्याचं सॅम्पल चकचकीतच असतं. तुमच्या बाजारात खपणारा डबा, तांब्या, लाकडी पाटी द्या, समोर करून घ्या आणि एका नगाला किती मिनिटं लागतात ते मोबाईलवर मोजा. तांब्या गोल असतो, तो फिरवत नाव घालायला रोटरी लागते. तिचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का, तेही तिथंच विचारा.