ढोलीतला मुक्काम

सचखंड एक्सप्रेसचे नांदेडचे जुने प्रवासी ताट-वाटी घेऊनच गाडीत चढतात. वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर येतो. ताट पुढे केलं की कधी पोळी-भाजी, कधी कढी-भात. पैशाचं नाव नाही. आम्ही पाच जण होतो, तीन नांदेडचे आणि दोन लातूरचे. पाठीवर सॅक, हातात काठ्या आणि त्यात ही स्टीलची ताटं. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी आम्हाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "डोंगराला चाललाव का पंगतीला?"

दोन्हींना, असंच उत्तर होतं. आम्ही निघालो होतो हेमकुंडला.

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंहजी १७०८ साली नांदेडात गोदाकाठी ज्योतिज्योत समावले. त्या जागेवर आज तख्त सचखंड श्री हुजूर साहिब उभं आहे. दशम ग्रंथातल्या 'बचित्तर नाटका'त मात्र त्यांच्या आदल्या जन्माचा पत्ता येतो. सात शिखरांनी वेढलेलं हेमकुंट, म्हणजेच आजचं हेमकुंड, हे त्यांच्या तपाचं ठिकाण. म्हणजे या कथेचं एक टोक आमच्या गावात आणि दुसरं उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात. आमचं बालपण गुरुद्वाऱ्याच्या सावलीत गेलं, पण हे दुसरं टोक बघायला चाळिशी उलटावी लागली.

ऋषिकेश, श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालचं), जोशीमठ, गोविंदघाट, घांगरिया. मुक्कामाच्या अंतराने गुरुद्वारे आहेत, आणि हेमकुंड साहिबचा ट्रस्टच ते चालवतो. नाव लिहायचं, कांबळी घ्यायची, मिळेल तिथे पथारी टाकायची. सकाळी कांबळं घडी करून परत द्यायचं. आमच्या लातूरच्या एका दोस्ताला मात्र गोविंदघाटच्या पहिल्या रात्री झोप लागली नाही. मोरीतला नळ अखंड वाहत होता, आणि तो तीनदा उठून बंद करायला गेला. २०१६च्या उन्हाळ्यात ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला वाहता नळ झोपू देत नाही. डोंगरातून थेट आलेलं पाणी आहे, नळाला तोटीची गरजच नाही, हे त्याला पटलं; पण उठायचा तो उठलाच.

मोटाररस्ता होण्याआधी बदरी-केदारचे यात्रेकरू ऋषिकेशपासून पायीच जात, आणि त्यांच्यासाठी ठरलेल्या टप्प्यांवर 'चट्टी' असे. चट्टी म्हणजे दगडामातीची किंवा गवताने शाकारलेली लांबट पडवी आणि तिला लागून एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घेतलं की राहायची जागा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट. हॉटेल नाही आणि धर्मशाळाही नाही, दोन्हींच्या मधला हा मोठा शहाणा व्यवहार होता. जो शिधाही घेऊ शकत नाही त्याचं काय, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळी कमलीवाले बाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधूंनी उत्तर काढलं. देणग्या जमवून त्यांनी वाटेवर धर्मशाळा आणि सदावर्तं उभी केली. हनुमान चट्टी, जानकी चट्टी ही नावं आजही नकाशावर आहेत. पडव्या गेल्या आणि तिथे लॉज आले.

युरोपात आल्प्समध्ये वाटेवरच्या अशा निवाऱ्यांचं मोठं जाळं आहे. माँ ब्लाँ या शिखराभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून सुमारे १७० किलोमीटरची फेरी घालतात, आणि रोज संध्याकाळी एखाद्या डोंगरी घरात उतरतात. तिथला पलंग काही महिने आधी पैसे भरून राखावा लागतो. पण तिथलाही उगम बघितला तर गोष्ट आपल्यासारखीच निघते. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४०० मीटरहून उंचावर, अकराव्या शतकात साधूंनी मठ बांधला. बर्फात अडकलेल्या वाटसरूला ऊब आणि भाकरी मिळावी, एवढाच त्याचा हेतू.

हेमकुंडची वाट त्या मानाने अगदी अलीकडची. सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी संत सोहनसिंग यांनी ग्रंथातल्या वर्णनावरून शोध घेत १९३४ साली हे सरोवर गाठलं. स्थानिक लोक त्याला लोकपाल म्हणत, आणि काठावरचं लक्ष्मणाचं देऊळ आजही तिथेच आहे. भाई वीरसिंगांनी पैसा उभा केला आणि दोन वर्षांत दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली उभी राहिली. सोबतीला होते सैन्यातले हवालदार मोदनसिंग. १९३९ साली सोहनसिंग गेले, आणि पुढची वीस वर्षं मोदनसिंगांनी ही वाट जिवंत ठेवली. घांगरियात निवाऱ्याला जागा नव्हती, तेव्हा ते एका मोठ्या झाडाच्या ढोलीत राहत. या वाटेवरची पहिली झोपडी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी ती ढोलीच सांगेन.

गोविंदघाटची उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे वाट सुरू होते तीच आपल्या कळसूबाईच्या डोक्यावरून. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चार-चार वेळा चढून केलेला सराव इथे फारसा उपयोगी पडला नाही, खोटं कशाला सांगू. पुलना गावापर्यंत जीप जाते. पुढचे दहाएक किलोमीटर पायी, खेचरांची लीद चुकवत, भ्यूंडार गंगेच्या काठाने. २०१३च्या जूनमधल्या पुराने या खोऱ्यातली जुनी वाट आणि पूल धुऊन नेले होते. नव्या वाटेवर चालताना खालची पडझड अजून दिसते.

घांगरियात पोचलो तेव्हा धो-धो पाऊस. हे गाव फक्त हंगामातलं. ऑक्टोबरात वरचे दरवाजे बंद झाले की सगळे खाली उतरतात. बूट ओले, मोजे पिळून दोरीवर, पोटात गरम डाळ आणि वर पत्रा. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी कूस बदलत होतो आणि लातूरचा दोस्त, तोच नळवाला, घोरायला लागला होता. सकाळी विचारलं तर म्हणाला, "किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्येच ऱ्हायलो की. पत्र्यावर पाऊस पडला की मला घरी असल्यावाणी वाटतं."

शेवटचे सहा किलोमीटर अंगावर येतात. एवढ्या टप्प्यात हजार मीटरहून जास्त चढ आहे. अटलाकोटीपाशी दर वर्षी बर्फ कापून वाट मोकळी करावी लागते, आणि ते काम सैन्याचे जवान करतात. वर चार हजार मीटरपुढे बोलणं आपोआप बंद होतं. दहा पावलं टाकायची, थांबायचं. दगडांच्या आडोशाला ब्रह्मकमळं होती, फिकट हिरवट-पिवळी, कागदासारखी. मग धुक्यातून उतरत्या छपराचा गुरुद्वारा दिसला. बर्फाचं वजन पेलेल असं हे बांधकाम सैन्यातल्या अभियंत्यांनी आखलं आणि १९६०च्या दशकात सुरू झालं. सरोवरात डुबकी मारली तेव्हा 'वाहेगुरू' म्हणायलाही श्वास पुरला नाही. नंतर हातात आलेला चहाचा स्टीलचा पेला मी दोन्ही तळव्यांत इतका वेळ धरून बसलो की वाढणाऱ्या सेवादाराने न विचारता तो पुन्हा भरला. वर खिचडी.

एवढं सगळं चढून इथे मुक्काम मात्र करता येत नाही. हवा विरळ, थंडी जीवघेणी, म्हणून दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पिटाळतात.

आम्ही ज्या पुलावरून अलकनंदा ओलांडली, तो मार्च २०२५मध्ये दरड कोसळून पडला. त्याच आठवड्यात गोविंदघाट ते हेमकुंड या १२.४ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मंजुरी दिली. खर्च २,७३० कोटी. माझ्या आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर मला आनंदच आहे. तरी पाळण्यात बसून सकाळी वर आणि दुपारी खाली आलेला माणूस घांगरियात मुक्कामाला उतरेल कशाला?

उतरताना पुन्हा घांगरियात एक रात्र काढली. मोदनसिंगांचं झाड कुठलं, असं कांबळी जमा करणाऱ्या सेवादाराला विचारलं. त्याने ढिगावरून मान वर न करता देवदारांकडे बोट केलं. "इन्हीं में से कोई।" मग माझ्या हातातलं कांबळं उलगडलं, कोपरे जुळवून पुन्हा घडी घातली आणि ओल्या कांबळ्यांच्या वेगळ्या ढिगावर टाकलं. दोस्ताने स्वतःचं पुढे केलं, तेही उलगडलं गेलं. बाहेर पाऊस चालूच होता, आणि पुलन्याकडून नवी माणसं वर येत होती.