पितृत्वाची दोन मापे

सावत्र बाप म्हटला की मनासमोर उभी राहणारी मूर्ती सहसा प्रेमळ नसते. अमेरिकेतील लष्करी अधिकारी विल्यम क्लार्क (१७७०–१८३८) हा या समजाला अपवाद होता. मेरिवेदर लुइसबरोबर मिसूरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागर गाठणाऱ्या १८०४ ते १८०६ या काळातील मोहिमेचा सहनायक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. मोहिमेत सारे त्याला कॅप्टन म्हणत. प्रत्यक्षात युद्धखात्याने त्याला लेफ्टनंटचाच हुद्दा दिला होता. कॅप्टनपद कागदोपत्री लाभण्यास २००१ साल उजाडावे लागले.

मोहिमेतील दुभाष्या शार्बोनो आणि त्याची शोशोनी पत्नी साकागाविया यांच्या तान्ह्या मुलाचा क्लार्कला लळा लागला. या मुलाला शिकवीन, स्वतःच्या अपत्याप्रमाणे वागवीन, असे त्याने १८०६ मध्ये शार्बोनोला पत्राने कळवले आणि पुढे सेंट लुइस येथे ते वचन पाळले. पहिली पत्नी ज्यूलिया १८२० मध्ये निवर्तल्यावर तिच्या नात्यातील हॅरिएट रॅडफर्ड या विधवेशी त्याने १८२१ मध्ये विवाह केला आणि तिच्या मुलांचे पितृत्व स्वीकारले. त्यांपैकी विल्यम पुढे नौदलात रिअर ॲडमिरलच्या पदापर्यंत चढला. परक्याचे मूल आपले मानण्याइतके मोठे मन या माणसापाशी निश्चितच होते.

परंतु त्याच घरात यॉर्कही होता. यॉर्क हा क्लार्कचा बालपणापासूनचा गुलाम. मोहिमेत त्याने इतरांच्या बरोबरीने कष्ट उपसले. १८०५ च्या हिवाळ्यात तळ कोठे ठोकावा याविषयी सर्वांची मते विचारली गेली तेव्हा त्याचेही मत नोंदवले गेले. परतल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितले, निदान पत्नीजवळ लुइव्हिल येथे राहू द्यावे अशी विनवणी केली. क्लार्कला ही कृतघ्नता वाटली. यॉर्कला आपण मारहाण केल्याचे त्याने आपल्या वडील बंधूला पत्रातून कळवले. ही पत्रे २००२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि थोरवीच्या चित्राला तडा गेला.

सार्वजनिक जीवनात हेच द्वंद्व मोठ्या प्रमाणावर दिसते. १८२२ पासून मृत्यूपर्यंत क्लार्क सेंट लुइस येथे इंडियन व्यवहारांचा अधीक्षक होता. वाटाघाटींच्या भाषेत आदिवासी टोळ्यांचे प्रमुख त्याला ‘बाप’ म्हणून संबोधीत. १८२० च्या निवडणुकीत, तो इंडियनांशी फार सौम्यपणे वागतो, हा आक्षेप त्याच्या पराभवास हातभार लावणारा ठरला. तथापि याच सौम्य माणसाच्या सहीने आदिवासींच्या भूमी करारामागून कराराने सरकारकडे गेल्या. १८०८ मध्ये ओसेज लोकांशी केलेल्या करारात तर आजच्या मिसूरी व आर्कान्सा राज्यांतील विस्तीर्ण प्रदेश त्याने मिळवला. परलोकी आपल्याला शिक्षा झालीच तर ती या कराराबद्दल होईल, असे उद्गार त्याने उतारवयात काढल्याचे सांगतात. टोचणी होती, पण तिने त्याचा हात रोखला नाही.

क्लार्कला केवळ ढोंगी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्याची ममता खरी होती. मात्र ती कृपा होती, आणि कृपा कोणावर करायची हे कृपा करणाराच ठरवतो. अनाथाने हात पुढे केला तेव्हा क्लार्क द्रवला. यॉर्कने हक्क मागितला तेव्हा तोच हात उगारला गेला. सत्तेला ‘मायबाप’ म्हणण्याची सवय जडलेल्या आपल्या समाजाला हा भेद अपरिचित नाही. शासक कितीही कनवाळू असो, त्याचा कनवाळूपणा हा प्रजेच्या हक्कांचा पर्याय होऊ शकत नाही.

थोरांची चरित्रे वर्गात अवश्य शिकवावीत. परंतु क्लार्कचे चरित्र शिकवताना एका अनाथप्राय मुलाला आधार देणारे पत्र आणि एका गुलामाच्या मारहाणीची वार्ता देणारे पत्र, ही दोन्ही विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत. दोहोंखाली सही एकाच माणसाची आहे.