गाडीच्या दाराशी कोण?

लेखमाला : सुरक्षित प्रवास – लेखांक ६

कल्याणहून नगरकडे निघालेली एसटी आळेफाट्याच्या स्थानकात वळते, तेव्हा ती थांबायच्या आत पाच-सहा जण तिच्या अंगालगत धावू लागलेले असतात. कुणी खिडकीतून रुमाल टाकतो, कुणी पिशवी. उतरणारे आतून दाराशी दाटतात आणि चढणारे बाहेरून तेच दार अडवतात. वाहक कसाबसा खाली उतरतो आणि नोंदीसाठी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीकडे जातो. चालकही पाय मोकळे करायला खाली उतरलेला असतो. गाडी सुटेपर्यंतची ही काही मिनिटे त्या दाराला कुणी धनी नसतो.

चोरी होते ती याच मिनिटांत. ‘एसटीत चढताना गर्दीचा फायदा घेऊन दागिने लंपास’ हा मथळा जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना पाठ झालेला आहे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आसपास तो जास्त दिसतो. पद्धत ठरलेली. एकजण पायरीवर थबकून विचारतो, “ही गाडी कुठं जाती हो?” त्याने दार तुंबते. दुसरा मागून रेटा देतो. रेट्यात बाईचा एक हात दांड्याला असतो, दुसऱ्या हाताने ती पोराला धरून असते, आणि खांद्यावरच्या पर्सची चेन तिसरा उघडतो. पाटली कापायला पक्कड लागते, पर्समधली डबी काढायला तीही लागत नाही. काम झाले की तिघेही “चुकीची गाडी” म्हणत खाली उतरतात. नारायणगाव किंवा मंचर आल्यावर बाई पर्स उघडते, तेव्हा कधी कधी वाहक सगळी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन उभी करतो, पन्नास प्रवाशांच्या पिशव्या तपासल्या जातात आणि हाती काही लागत नाही. लागेल कसे? चोर तर गाडीत बसलेलाच नसतो.

मागच्या लेखांकात आपण रेल्वेच्या सुरक्षेची घडी पाहिली. रेल्वेला स्वतःचे सुरक्षा दल आहे, त्यासाठी १९५७ चा कायदा आहे, शिवाय राज्याचे लोहमार्ग पोलीस आहेत. एसटीला यातले काही नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून एसटीची सुरक्षा महामंडळाची माणसे, बाहेरून घेतलेले रखवालदार आणि त्या त्या गावचे पोलीस यांच्यात वाटलेली आहे. महामंडळात मुख्य सुरक्षा व दक्षता अधिकारी असतो, विभागांत त्याचे अधिकारी आणि निरीक्षक असतात. पण या खात्याची बरीचशी शक्ती तिकिटांच्या अपहारात, मार्ग तपासणीत आणि डिझेल-टायरच्या चोऱ्यांत खर्च होते. महामंडळाचा पैसा आणि माल सांभाळणे गरजेचे आहेच. परंतु प्रवाशाचे अंग, दागिना आणि अब्रू सांभाळणे ही त्याच खात्याची तितकीच मोठी जबाबदारी आहे, आणि तिच्याकडे लक्ष जाते ते काहीतरी भयंकर घडल्यावर.

दोन तारखा पाहा. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्याच्या स्वारगेट आगारातल्या एका चालकाने, जी गाडी त्याला नेमून दिलेलीच नव्हती ती फाटकाबाहेर काढली आणि शहराच्या रस्त्यांवरून बेभान चालवली. ९ माणसे मेली. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे त्याच स्वारगेटला, फलटणला जायला निघालेल्या एका तरुणीला “तुमची गाडी तिकडे लागली आहे” असे सांगून एका माणसाने आवारात उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाही गाडीत नेले आणि तिच्यावर बलात्कार केला. पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. कॅमेरे होते. रखवालदारही होते. संशयिताला तीन दिवसांनी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या शिवारातून पकडले. तिथल्या २३ सुरक्षा रक्षकांना हटवून नवे नेमण्याचा आदेश परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी दिला, राज्यभरच्या स्थानकांचे सुरक्षा परीक्षण करण्याचे ठरले आणि आवारात पडून असलेल्या भंगार गाड्या हलवण्याचे फर्मान निघाले.

या दोन घटनांमध्ये तेरा वर्षे आणि एक महिना आहे. गुन्ह्याचे स्वरूप अगदी वेगळे, पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच : उभी असलेली गाडी त्या क्षणी कुणाच्या ताब्यात होती? २०१२ मध्ये ती फाटकातून बाहेर पडली, ‘कुणाच्या हुकमाने?’ असे कुणी विचारले नाही. २०२५ मध्ये तिच्यात दोन माणसे शिरली, तेव्हाही नाही. आदल्या फेरीच्या चालकाने गाडी लावली आणि तो मोकळा झाला. पुढच्या फेरीचा अजून आलेला नव्हता. रखवालदाराला फाटक आणि आवार सांभाळायला सांगितलेले, आवारातल्या प्रत्येक गाडीचे दार नव्हे.

एसटीसारख्या सेवेच्या सुरक्षा प्रमुखाचे पहिले काम मला इथे दिसते. माणसे वाढवण्याआधी त्याने स्थानकाचा प्रत्येक कोपरा आणि दिवसाची प्रत्येक घटका कुणाच्या तरी नावावर चढवली पाहिजे. गाडी लागल्यावर दार बंद करून आत कुणी नाही हे पाहणार कोण, आणि त्याची सही कुठे होणार? रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात दर तासाला उभ्या गाड्यांमधून बॅटरी घेऊन फेरी मारणार कोण? त्याने फेरी मारली हे सकाळी तपासणार कोण? हे कागदावर आले नाही तर २३ च्या जागी ४६ रक्षक नेमले तरी ते फाटकापाशीच खुर्च्या टाकून बसतील. त्यांना दोष देऊनही उपयोग नाही. त्यांना तेवढेच सांगितलेले असते, आणि अनेकदा ज्या स्थानकात उभे आहोत तिथल्या गाड्यांचे वेळापत्रकही त्यांना दाखवलेले नसते.

आळेफाट्याला हे अधिक अवघड आहे, कारण ते आगार नव्हे. जवळचे आगार नारायणगावला. इथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणून इथून सुटणाऱ्या गाड्यांपेक्षा इथून जाणाऱ्या गाड्या कितीतरी जास्त. संगमनेर, ओतूर, बेल्हे, मंचर अशा चहू दिशांचा माणूस इथे गाडी बदलतो. गाडी बदलणारा प्रवासी चोराला सर्वांत सोयीचा : तो सामानासकट असतो, घाईत असतो, त्याला गावात कुणी ओळखत नसते, आणि चोरी कळेपर्यंत तो तीस-चाळीस किलोमीटर पुढे गेलेला असतो.

मग दाराचे काय करायचे? उपाय साधे आहेत आणि त्यांतले बरेच बिनखर्चाचे आहेत. मधल्या स्थानकावर नोंद करायला वाहकाने खिडकीपाशी जायचे, ही रीत गाड्या कमी होत्या आणि माणसे निवांत होती तेव्हाची आहे. गर्दीच्या वेळी नियंत्रकाच्या मदतनिसाने वही घेऊन गाडीपाशी यावे आणि शेवटचा प्रवासी चढेपर्यंत वाहकाने दार सोडू नये. आधी उतरणारे, मग चढणारे, एवढे त्याने खणखणीत आवाजात म्हटले तरी रेटा निम्मा होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे पाच मिनिटे आधी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तर धावपळीचे कारणच उरत नाही. आपल्याकडे ध्वनिक्षेपकाला सुरक्षेचे साधन म्हणून कुणी मोजत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीत बसून, गोळीबार चालू असताना, लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचे ते सांगितले आणि असंख्य जीव वाचले. बिनचूक आणि वेळेवर घोषणा करणारा माणूस रोजच्या गर्दीतही तेच काम लहान प्रमाणात करत असतो. स्वारगेटच्या त्या तरुणीला फलटणची गाडी कुठे लागणार हे भोंग्यावरून कळले असते, तर परक्या माणसाच्या सांगण्यावर विसंबण्याची वेळ आली नसती.

जागेच्या रचनेचा परिणामही मोठा असतो. अमेरिकेत वॉशिंग्टनची मेट्रो १९७६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची स्थानके मुद्दाम उंच कमानींची, कमी खांबांची आणि आडोसा नसलेली बांधली होती. खाण्यापिण्याला बंदी घातली होती आणि रेंगाळायला जागा ठेवली नव्हती. तिथले गुन्हे इतर जुन्या मेट्रोंपेक्षा कमी राहिले आणि अभ्यासकांनी त्याचे बरेचसे श्रेय या रचनेला दिले. आपण काही आळेफाट्याला संगमरवरी कमानी मागत नाही. पण फलाटापुढे रांगेसाठी लोखंडी कठडे, स्वच्छतागृहाच्या वाटेवर उजेड, कॅमेऱ्याच्या तोंडासमोरचा जाहिरातीचा फलक काढणे आणि कोपऱ्यात झाडाझुडपांत उभी असलेली बंद गाडी हलवणे, एवढे तर होऊ शकते. कॅमेऱ्याबद्दल एक सांगायला हवे. तो दाराच्या उंचीला, चेहरा दिसेल असा लावला तरच कामाचा. छताजवळून फक्त टोप्या आणि पदर दिसतात.

सुरक्षा प्रमुखाची याहून जास्त झोप उडवणारा भाग स्थानकाच्या भिंतीबाहेर आहे. आळेफाटा हे आळे आणि वडगाव आनंद यांच्या हद्दींवर वाढलेले ठिकाण. चौकातला रस्ता महामार्गाचा, गटार आणि दिवे ग्रामपंचायतीचे, बंदोबस्त आळेफाटा पोलिसांचा, थांबा एसटीचा. अनेक प्रवासी स्थानकात येतच नाहीत, चौकातच हात करतात, कारण शेजारीच वडाप आणि खासगी ट्रॅव्हल्स उभ्या असतात आणि जे आधी येईल त्यात बसायचे असते. बाह्यवळण रस्ते झाल्यापासून नारायणगाव-मंचरच्या काही प्रवाशांना गाड्या गावाबाहेरच सोडतात, तक्रार जुनीच आहे. रात्री दहाला बाह्यवळणावर उतरलेली नर्स किंवा कॉलेजची मुलगी ही कुणाच्या हद्दीत येते? महामंडळाच्या कागदावर तिचा प्रवास संपलेला असतो.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले आणि गाड्यांमधल्या बायकांची संख्या डोळ्यांत भरेल इतकी वाढली. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. बाई घराबाहेर पडू लागली ही एसटीने महाराष्ट्राला दिलेली फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती घरी पोचेपर्यंतचा विचार एसटीनेच करायला हवा. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९९१ पासून रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला दोन थांब्यांच्या मध्ये, तिला सोयीच्या ठिकाणी उतरता येते. आपल्याकडे ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ हे एसटीनेच कधीचे शिकवलेले आहे. तेच उतरताना लागू करायचे : अंधार पडल्यावर बाईने सांगितले, तर उजेड आणि वस्ती असेल तिथे गाडी थांबवायची. यासाठी एक परिपत्रक आणि चालकांशी नीट बोलणे पुरे.

जुन्नर-आंबेगावात या मागणीला आणखी एक धार आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि इथला बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. फाट्यावर उतरून मळ्यातल्या घराकडे जाणारी पायवाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते. अंधारात एकटे जाऊ नका, बॅटरी ठेवा, मोबाईलवर गाणी लावा, बोलत चला, असे वनखाते सांगत असते. शाळेची गाडी चुकली किंवा तासभर उशिरा आली, की पोरींना हीच वाट अंधारात चालावी लागते. म्हणून या भागात सायंकाळची शाळेची फेरी वेळेवर सुटणे हाही सुरक्षेचा विषय आहे आणि तो सुरक्षा खात्याच्या बैठकीत वाहतूक खात्याइतकाच यायला हवा. ऊसतोडीच्या दिवसांत बिबटे जागा बदलतात, तेव्हा कोणत्या थांब्यांवर वावर दिसला हे वनखात्याने नारायणगाव आगाराला रोज कळवणे अजिबात अवघड नाही.

आता चोरी झालीच तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०५ प्रमाणे प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, साध्या चोरीपेक्षा बरीच जास्त. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. आळेफाट्याला पाटली गेली आणि राजगुरुनगरला कळली, तर “आमच्या हद्दीत नाही” हे उत्तर आता चालत नाही. फिर्याद देताना गाडीचा क्रमांक, तिकिटावरची वेळ, आपण कुठल्या दाराने, कुणाच्या मागे चढलो, दारात कुणी थबकले होते का, हे सांगा. सगळ्या गाडीची झडती घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. गाडीतून ११२ ला फोन लावला तर फाट्यावरच्या पोलिसांना चोर अजून चौकात असतानाच कळू शकते.

आणि ही माहिती एका वहीत जमली पाहिजे. कुठला वार, कुठली गाडी, किती वाजता, कुठला फलाट. आज फिर्याद पोलीस ठाण्यात राहते, तक्रार आगारात राहते, आणि दोन्ही एका टेबलावर येत नाहीत. सहा महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठल्या वारी, कुठल्या दोन तासांत साध्या वेशातला पोलीस आणि एक महिला रक्षक फलाटावर हव्यात, हे आपोआप दिसेल.

पुढच्या लेखांकात मुक्कामी गाड्या : आदिवासी पट्ट्यातल्या वाडीत रात्रभर उभी राहणारी एसटी, तिच्यातच झोपणारे चालक-वाहक आणि वाहकाच्या उशाखालची दिवसभराची रोकड.