वृद्ध मातापित्यांसमवेत शरदातील प्रवास

वैदिक ऋषींनी मानवी आयुष्य मोजले ते शरद ऋतूंनी. शंभर शरद पाहावयास मिळावेत, अशी त्यांची प्रार्थना होती. महाराष्ट्रात राहणाऱ्यास या पसंतीचे मर्म सहज उमगते. आश्विनात मोसमी पाऊस परतू लागतो, रस्ते कोरडे होतात, नद्यांचे गढूळ पाणी निवळते. ज्यांनी आपल्या वाट्याचे बहुतेक शरद पाहिले आहेत, अशा आईवडिलांना घेऊन चार दिवस बाहेर पडावयाचे झाल्यास याहून योग्य काळ नाही. मात्र याच दिवसांत दुपारचे ऊन चटका देते आणि पहाटे गारवा असतो. तरुण देहास न जाणवणारे हे अंतर वृद्धांना जाणवते.

पुण्याकडील कुटुंबांसाठी वाई, कऱ्हाड आणि नृसिंहवाडी हा कृष्णाकाठचा मार्ग विशेष सोयीचा आहे. यातील प्रत्येक टप्पा सुमारे ९० किलोमीटरांचा, म्हणजे थांबत थांबत गेले तरी तीन तासांचा. वाईस घाटावरील ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम व तेथील यशवंतराव चव्हाणांची समाधी, पुढे वाडी. दिवसाला एकच टप्पा घ्यावा. प्रस्तुत लेखकाने उत्साहाच्या भरात पहिले दोन टप्पे एकाच दिवसात उरकले आणि त्याचे फळ कऱ्हाडला मिळाले. गाडीतून उतरताच एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना घेरी आली. आईने दंड धरला म्हणून ते पडले नाहीत, इतकेच.

डॉक्टरांनी तपासून विचारले, “सकाळपासून पाणी किती प्यायलात?” उत्तर आईने दिले. वाटेत एका पेट्रोल पंपावरील स्वच्छतागृहास कुलूप दिसले, तेव्हापासून त्यांनी घोटभर पाणीही घेतले नव्हते. “सारखी गाडी थांबवायला मुलाला कसं सांगायचं?” असे ते तिला म्हणाले होते. आम्ही मात्र दिवसभर घाटरस्ता, गाडीचा वेग आणि जेवणाचे ठिकाण यांचाच विचार करीत होतो.

पाणी आणि संकोच

ही गोष्ट एका घरापुरती नाही. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते आणि शरीरातील पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्तीही कमी होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल आणि माणूस पाणी टाळत असेल, तर बसल्या जागेवरून एकदम उठताच रक्तदाब उतरतो व तोल जातो. काही वृद्ध प्रवासाच्या दिवशी ती गोळीच परस्पर बंद ठेवतात. तेही धोक्याचे. गोळीची वेळ बदलता येईल काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गाडी दर दीड तासास थांबवावी आणि ती कोणी मागितली म्हणून थांबू नये. “मला जरा पाय मोकळे करायचे आहेत,” असे मुलानेच म्हणावे. संकोचाचे ओझे असे निम्म्याने उतरते. उतरण्यापूर्वी मिनिटभर पाय हलवून, मग सावकाश उभे राहण्याची सवय लावावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. कृष्णाकाठी याच सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर अंधारात एकाएकी समोर येतात.

हाच प्रवास एसटीनेही करता येतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांसाठी निम्म्या भाड्याची सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे लागू झाले. वयाचा पुरावा जवळ असावा. तिकिटाची अडचण अशी पुष्कळशी दूर झाली असली, तरी गाडीची उंच पायरी आणि स्थानकावरील स्वच्छतागृह यांची चिंता वृद्धांच्या मनातून गेलेली नाही.

घाटाच्या पायऱ्या

नृसिंहवाडीचे दत्तमंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांलगत आहे. पावसाळ्यात पूर आला की ते पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावर अशा घाटांवर गाळाचा पातळ थर राहतो आणि वृद्धांचा पाय घसरतो तो तेथेच. ऊन चढून दगड कोरडा झाल्यावर, एका हाताशी कठडा किंवा माणूस ठेवून उतरावे. वाडीची बासुंदी मधुमेह्यांनी चाखण्यापुरतीच घ्यावी, असे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. ते पाळले जाते असे मात्र नाही.

तीर्थक्षेत्रे आणि यात्रास्थळे असलेल्या ग्रामपंचायतींना या बाबतीत थोड्या खर्चात बरेच करता येण्यासारखे आहे. करड्या दगडाच्या पायरीची कड कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कळत नाही. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला की कळते. स्वच्छतागृहात एक तरी उंच बैठकीचे भांडे आणि भिंतीला धरावयास दांडी हवी. सावलीत पाठ टेकता येईल असे बाक हवे. आणि दारास कुलूप लावणे भागच असेल, तर किल्ली कोणाकडे मिळेल हे त्या दारावर ठळक लिहावे. गावच्या शाळेतील मुलांकडून असे फलक रंगवून घेता येतील.

वाडीपासून जवळच खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. बाराव्या शतकातील शिलाहारकालीन कोरीव काम, आणि स्वर्गमंडपाच्या छतास मधोमध गोल मोकळे आकाश. घाटाच्या मानाने येथे चढउतार नाममात्र असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही ते निवांत पाहता येते. वडील त्या आकाशाखाली तासभर बसून होते. परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा आपणहून गाडी थांबवावयास सांगितले. एकदा स्वच्छतागृहासाठी आणि एकदा रसवंतीगृह दिसले म्हणून.